लग्नाची कॅसेट: आधी मूळ जपा, मग कापा

बैठकीत आपण हप्ता, कर्ज, शेळ्या, शिलाई यांवर नेहमीच बोलतो. आज आपण ट्रंकेत, नाहीतर माळ्यावर पडून असलेल्या एका वस्तूवर बोलणार आहोत. ती म्हणजे लग्नाची कॅसेट.

मागच्या महिन्यात आम्ही गटातल्या बायांना म्हटलं, घरात जुनं शूटिंग असेल ते घेऊन या. अकरा कॅसेट निघाल्या, सात-आठ सीडी आणि एक बारकी, काडीपेटीपेक्षा थोडी मोठी कॅसेट. एका ताईच्या आईचा एकही फोटो घरात नाही. ती माउली दिसते आणि बोलते ती फक्त त्या लग्नाच्या कॅसेटमध्ये, हळदीच्या वेळी. आणि कॅसेट लावायला यंत्र कुणाकडेच नाही.

असं का झालं, ते आधी समजून घेऊ. मोठी काळी कॅसेट म्हणजे व्हीएचएस. जपानच्या जेव्हीसी कंपनीने ती १९७६ साली आणली. शूटिंगवाला खांद्यावर भला मोठा कॅमेरा घेऊन यायचा. नंतर दुकानात दोन व्हीसीआर जोडून मिक्सिंग व्हायचं. एका यंत्रावर मूळ कॅसेट चालवायची आणि हवा तेवढाच भाग दुसऱ्यावर उतरवायचा. मधला एक तुकडा काढायचा राहिला, तर तिथून पुढचं सगळं पुन्हा करावं लागायचं. प्रत्येक उतरवणीत चित्र थोडं फिकं पडायचं, जसं झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर होतं.

याच साधनांवर आपल्या नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात शेख नासिर यांनी ‘मालेगाव के शोले’ हा अख्खा सिनेमा केला. ते व्हिडिओ पार्लर चालवायचे आणि दोन व्हीसीआर जोडून जोडणी करायचे. आणि कॅमेरा काय पुरुषांनीच धरावा असं थोडंच आहे? अहमदाबादच्या सेवा संघटनेत १९८४ सालीच कष्टकरी बायका व्हिडिओ शूटिंग शिकल्या. त्यांत लिहिता-वाचता न येणाऱ्याही होत्या.

बारकी कॅसेट ती मिनी डीव्ही. ती १९९५ साली आली. तिच्यात चित्र आकड्यांच्या रूपात साठवलेलं असतं, म्हणून तारेने कॉम्प्युटरवर उतरवताना काहीच कमी होत नाही. तासाभराच्या शूटिंगला साधारण १३ जीबी जागा लागते आणि उतरवायलाही तासभरच लागतो. कॉम्प्युटरवर मधला तुकडा कुठेही हलवता येऊ लागला. मिक्सिंगवाल्याचं काम सोपं झालं. घरी मात्र आपल्याला सीडी नाहीतर डीव्हीडी मिळायची. तिच्यात बसावं म्हणून चित्र दाबून बारीक केलेलं असायचं.

मग कॅसेट गेली, मेमरी कार्ड आलं. सोनी आणि पॅनासोनिक यांनी २००६ मध्ये एव्हीसीएचडी नावाची पद्धत काढली. चित्र जास्त स्वच्छ आणि फाइल लहान. हे कसं जमलं? आपल्या गटाच्या वहीचं उदाहरण घ्या. पहिल्या ओळीत सगळं सविस्तर लिहितो आणि खाली ‘वरीलप्रमाणे’ म्हणून फक्त बदललेला आकडा लिहितो. तसंच इथे. काही चित्रं पूर्ण साठवायची, बाकीच्यांचा फक्त बदल लिहायचा. जागा वाचते. पण वहीतली मधलीच ओळ फाडून घेतली तर ‘वरीलप्रमाणे’ म्हणजे काय हे कसं कळणार? म्हणून असं शूटिंग कापताना कॉम्प्युटरला आधीचं सगळं जुळवत बसावं लागतं. जुना कॉम्प्युटर अडकतो तो त्यामुळेच. आपल्या मोबाइलचा व्हिडिओही याच तऱ्हेने साठतो.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मिक्सिंग करताना आपल्याकडे सिनेमाची गाणी टाकायची पद्धत होती. गाणं वर आलं की खालचा खरा आवाज गेला. हळदीला म्हाताऱ्या बायांनी म्हटलेली गाणी, पाठवणीच्या वेळी आईचं बोलणं, सगळं त्याखाली दबलं. शूटिंगवाल्याकडे मूळ कॅसेट राहिली असेल, तर ते आवाज तिच्यात असू शकतात. म्हणून ज्यांनी शूटिंग केलं त्यांच्याकडे आधी चौकशी करा. आपल्या घरातली कॅसेट मिक्सिंगची आहे की मूळ, तेही विचारा.

हे काम पुढे ढकलू नका. जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. २०१९ मध्ये युनेस्कोच्या एका कार्यक्रमातून जगभर इशारा दिला गेला, की चुंबकीय फितीवरचं जे काही आहे ते लवकर उतरवून घ्या. फीत चांगली राहिली तरी ती वाचणारं यंत्र राहणार नाही.

तर काय करायचं, ते ऐका.

एक, कॅसेट उघडून फितीवर पांढरे डाग आहेत का बघा. ती बुरशी. अशी कॅसेट तशीच यंत्रात घालू नका. फीतही जाते आणि यंत्राचं हेडही खराब होतं. आधी जाणकाराकडून साफ करून घ्या.

दोन, बाकीच्या कॅसेट कोरड्या जागी, उभ्या ठेवा. स्पीकर आणि मोटारीपासून लांब.

तीन, दुकानदाराला सांगा, टीव्हीवर लावून मोबाइलने शूटिंग केलेलं चालणार नाही. यंत्रातून तारेने उतरवा आणि फाइल पेनड्राइव्हवर द्या. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तास लागतात, म्हणून दर तासावर असतो. दहा-बारा घरांनी मिळून काम दिलं तर दर ठरवून घेता येतो.

चार, मेमरी कार्डातलं शूटिंग काढताना आतलं पूर्ण फोल्डर उचला. लांब शूटिंगचे तुकडे वेगवेगळ्या फाइलींत असतात, एखादी राहिली तर मध्येच तुटतं.

पाच, दोन प्रती करा आणि दोन वेगळ्या घरांत ठेवा. कापायचं, गाणी टाकायची, ते तिसऱ्या प्रतीवर. व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो बारीक होतो. पाठवायचाच असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

सहा, उतरवलेलं शूटिंग गावातल्या वयस्कर बायांसोबत बसून बघा. कोण कुणाची, कुठली, कुणी कुठलं गाणं म्हटलं, ते वहीत लिहून ठेवा. त्या आहेत तोवरच हे कळणार आहे. ते सांगणारी फाइल कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आमच्या अकरापैकी दोन कॅसेटींना बुरशी होती, नऊ उतरवून झाल्या. ताईची आई सापडली. तिच्या हळदीच्या गाण्यावर दुसरं गाणं टाकलेलं नव्हतं.

येत्या बैठकीत तुमच्या गटातही विचारा, कुणाच्या ट्रंकेत काय आहे. आणि कर्जाच्या, हप्त्याच्या शेजारी तेही वहीत मांडा. रामराम.