वारुळावरची अळंबी ओळखताना

जूनचा पाऊस जमिनीत मुरला की कोकणात आणि गोव्यात माणसे रानातल्या ठरावीक वारुळांकडे वळतात. दोन-चार दिवसांत पानांत बांधलेले अळंबीचे वाटे बाजारात येतात आणि दुपारच्या आत संपतात. वारुळाचा पत्ता मात्र कोणी सहसा सांगत नाही. जाणकार आधी जागा ओळखतो, अळंबी नंतर.

जागेला एवढे महत्त्व आहे, कारण ही अळंबी म्हणजे वाळवीची शेती. कामकरी वाळवी पालापाचोळा आणि लाकूड खाऊन आपल्या विष्ठेतून जमिनीखाली स्पंजासारखी पोळी रचते. पोळ्यावर वाढणारी बुरशी लाकडातला चिवट भाग पचवते आणि मग वाळवी ते पोळे खाते. सुमारे ३ कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत जुळलेली ही सोबत आजही तुटलेली नाही. शास्त्रज्ञांनी १९४२मध्ये या बुरशीला टर्मिटोमायसिस हे नाव दिले.

ओळखीची खरी खूण म्हणूनच मातीखाली असते. देठ जमिनीलगत कापणारा माणूस निम्मा पुरावा तिथेच सोडून येतो. निदान एका अळंबीभोवतीची माती हलक्या हाताने उकरावी. वारुळावरच्या बहुतेक जातींचा देठ निमुळता होत खोल पोळ्यापर्यंत गेलेला असतो आणि टोपीच्या मध्यावर माती भेदणारे टणक टोक असते. टोपी रात्रभर कागदावर पालथी ठेवली की गुलाबीसर बीजाणूंचा ठसा उमटतो. झुंडीने उगवणारी बारीक अळंबी याला अपवाद आहे. वाळवी पोळ्याचे तुकडे बाहेर आणून टाकते आणि ती त्यांवरच उगवते, त्यामुळे तिला लांब देठ लागत नाही.

अमानिता गटातल्या विषारी अळंबीच्या देठाच्या तळाशी बहुधा पिशवीसारखे आवरण असते, ठसा पांढरा येतो. बागेतल्या हिरवळीवर उगवणारी, तपकिरी खवल्यांची मोठी छत्री कोवळी असताना तर अगदी निरुपद्रवी दिसते. तिचा ठसा हिरवट येतो आणि ती खाल्ली की काही तासांत जोराच्या उलट्या सुरू होतात.

चांदीचे नाणे काळे पडते का, लसणाचा रंग बदलतो का, किड्यांनी अळंबी कुरतडली आहे का, या विष ओळखण्याच्या परीक्षा अजून सांगितल्या जातात. त्यांतली एकही खरी नाही. अमानितातले हे घातक विष शिजवूनही जात नाही. एप्रिल २०२२मध्ये आसामात रानटी अळंबी खाऊन दहाहून अधिक माणसे दगावली, त्यांत चहामळ्यांतले कष्टकरी होते.

अमानिताचे विष उशिरा बोलते. सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ काही जाणवत नाही. मग उलट्या-जुलाब होतात आणि नंतर बरे वाटू लागते. नेमक्या त्याच काळात यकृत निकामी होत असते. म्हणून अळंबी खाल्ल्यावर उशिराने त्रास झाला, तर उतार पडला तरी रुग्णालय गाठावे आणि उरलेली अळंबी, निवडताना टाकलेले देठसुद्धा, कागदात गुंडाळून सोबत न्यावेत.