आगोटीची वीज

छपरावर सोलर बसवलेल्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते. "तीन किलोवॉटचं लावलंय, तरी भर दुपारी लाइट गेली की आमचाही पंखा बंद!" ही यंत्रणा बहुधा ऑन-ग्रिड असते. बाहेरची वीज गेली की तिचा इन्व्हर्टर आपणहून थांबतो, आणि थांबायलाच हवा. खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या पॅनेलचा शॉक बसून कसं चालेल? लाइट नसताना वीज हवी तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी लागते. पण लाख-दीड लाख त्यातही घालून ऐन वादळाच्या रात्री बॅटरी रिकामी निघते, त्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

बॅटरी रिकामी का होते? बसवणारा मुलगा जाताना 'एसबीयू' ठेवून जातो. म्हणजे घराला आधी सोलर, मग बॅटरी आणि अगदी शेवटी महावितरण. ऊन कललं की टीव्ही, फ्रिज, पंखे, सगळं बॅटरीवर. दहा वाजेपर्यंत ती तळाला जाते आणि अकराला फांदी पडून तार तुटते.

यातून बिल तरी वाचतं का? नेट मीटर असेल आणि दिवसा बाहेर गेलेलं युनिट रात्रीच्या युनिटाला एकास एक वळतं होत असेल, तर काहीही वाचत नाही. उलट बॅटरीत भरून परत काढताना लिथियममध्ये साधारण १० टक्के, लेड-ॲसिडमध्ये २० ते ३० टक्के वीज वाया जाते, शिवाय बॅटरी झिजते ती वेगळीच. नेट मीटर नसेल तर गोष्ट वेगळी. तिथे बॅटरी थोडी वापरा, थोडी राखा. बाकीच्यांनी ती आगोटीच्या सामानासारखी धरावी. मे महिन्यात भरलेले तांदूळ-डाळीचे डबे आपण बाजार चालू असताना उपसत नाही.

किती राखायची, ते घराच्या हिशेबाने ठरतं. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ धरू. ३० वॉटचे दोन बीएलडीसी पंखे नऊ तास, म्हणजे अर्धं युनिट. चार एलईडी दिवे आणि वायफाय मिळून पाव ते ०.३ युनिट म्हणा. फ्रिजला अर्धं. आणि इन्व्हर्टर स्वतः? ५० वॉटने चौदा तासांत ०.७ युनिट तोच खातो! हा आकडा कुणी धरतच नाही. एकूण दोन युनिट. ५१.२ व्होल्ट, १०० ॲम्पियर-अवरच्या लिथियम बॅटरीत पाच युनिट मावतात. त्यातली ४० टक्के ही गेली. पंप आणि गिझर बॅकअपच्या लाइनवर नाहीत, हे गृहीत धरून हं.

हा उन्हाळ्याचा हिशेब झाला. पावसाळ्यात दुसऱ्या दिवशीही ऊन नसतं. ३ जून २०२० ला 'निसर्ग' वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, त्यानंतर श्रीवर्धन, दापोली, मंडणगडकडच्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे लाइट नव्हती. तेव्हा मृगाच्या आत राखीव ८० टक्क्यांवर न्या, आणि ढगाळ दिवसांत ग्रिडवरूनही चार्जिंग होईल अशी मुभा यंत्राला द्या. कायम १०० टक्क्यांवर मात्र नको. लिथियम तशी लवकर म्हातारी होते. लेड-ॲसिडचं नेमकं उलट. ती पूर्ण भरलेलीच बरी, अर्धवट ठेवली की प्लेटांवर सल्फेट धरतं. तिच्यासाठी टक्क्यांच्या भानगडीत न पडता ग्रिडचा नंबर बॅटरीच्या आधी लावा.

आता खरी मेख. खालची मर्यादा दोन ठिकाणी असते: लाइट असताना बॅटरी कुठवर उतरू द्यायची, आणि लाइट नसताना कुठवर. हौशी मंडळी दोन्हीकडे ८० घालतात. मग लाइट जाते, बॅटरी शंभरची ऐंशी होते आणि इन्व्हर्टर इमानदारीने बंद पडतो. राखीव साठा तसाच, घरात अंधार! पहिली मर्यादा ८०, दुसरी १५-२०. सेटिंग झाल्यावर एखाद्या संध्याकाळी मेन स्विच पाडून बघा; घरच्यांना आधी सांगून.

दुसरी मर्यादा शून्यावर नेण्याचा मोहही टाळा. लिथियम तळाला गेली की तिच्यातलं संरक्षक सर्किट बॅटरी तोडतं, आणि बरेच हायब्रिड इन्व्हर्टर बॅटरीशिवाय सुरूच होत नाहीत. सकाळी लख्ख ऊन पडलं तरी पॅनेल नुसती तापत बसतात. म्हणून लाइट दोन-चार दिवस येणार नाही असं दिसलं, की झोपताना फ्रिजसकट इन्व्हर्टर बंद करा. रात्री सात तास बंद ठेवला, तर त्याचं स्वतःचंच एक तृतीयांश युनिट वाचतं. सकाळी ऊन वर आलं की चालू करा, आणि पहिले दोन तास सगळं बॅटरीला जाऊ द्या.