उत्सव, मेहनताना आणि मालकी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



स्त्री कलावंतांचे स्वतंत्र महोत्सव भरविण्याची प्रथा गेल्या पन्नास वर्षांत जगभर रुजली. अलीकडे त्यांत स्त्री आणि पुरुष या दोन्ही चौकटी न मानणाऱ्या, ज्यांना 'नॉन-बायनरी' म्हटले जाते, अशा कलावंतांचाही समावेश होऊ लागला आहे. गायन, नाट्य, चित्र, काव्य, चित्रपट अशा निरनिराळ्या कला तेथे एका मांडवाखाली येतात. पुरोगामी चळवळीतील कार्यकर्त्यांच्या मनात अशा महोत्सवांविषयी सामान्यतः दोन आक्षेप असतात. पहिला असा की, हे शहरी मध्यमवर्गाचे चोचले आहेत; शेतमजूर स्त्रीच्या रोजंदारीशी त्यांचा काय संबंध? दुसरा असा की, कलेच्या क्षेत्रात मुळात हा भेद कशाला? गुण असेल तर तो आपोआप पुढे येईल. हे दोन्ही आक्षेप प्रामाणिक आहेत. म्हणूनच ते झटकून न टाकता तपासले पाहिजेत.

दुसरा आक्षेप आधी घेऊ. गुण आपोआप पुढे येतो, हे गृहीतक बाजारपेठेच्या भाबड्या अर्थशास्त्रातून आलेले आहे. लिंडा नॉकलिन या अमेरिकन कला-इतिहासकार विदुषीने १९७१ साली एका निबंधात प्रश्न विचारला की, थोर स्त्री चित्रकार का झाल्या नाहीत? उत्तर तिने स्त्रियांच्या प्रतिभेत शोधले नाही, संस्थांत शोधले. युरोपातील कला-अकादमींमध्ये मानवी देहाचे प्रत्यक्ष मॉडेल समोर ठेवून रेखाटन करणे हा शिक्षणाचा पाया मानला जाई, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत स्त्रियांना त्या वर्गात बहुतेक ठिकाणी प्रवेशच नव्हता. ज्याला पायाच घालू दिला नाही, त्याने मजले का चढवले नाहीत, असे विचारण्याजोगा हा प्रकार होता.

दुसरे उदाहरण वाद्यवृंदांचे. अमेरिकेतील मोठ्या सिंफनी वाद्यवृंदांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत वादकांची निवड करताना उमेदवार आणि परीक्षक यांच्यामध्ये पडदा लावण्यास सुरुवात केली. क्लॉडिया गोल्डिन आणि सेसिलिया राउझ या अर्थशास्त्रज्ञांनी २००० साली या पद्धतीचा अभ्यास प्रसिद्ध केला. पाच अग्रगण्य वाद्यवृंदांत १९७० साली स्त्रियांचे प्रमाण पाच टक्क्यांहूनही कमी होते. १९९७ पर्यंत ते पंचवीस टक्क्यांवर आले. या वाढीतील नेमका किती वाटा पडद्याचा, याविषयी पुढे संख्याशास्त्रज्ञांत वाद झाला आणि तो योग्यही आहे. पण गुणग्राहक म्हणविणाऱ्या संस्थांना आपल्या कानांवर विश्वास ठेवण्यासाठी डोळ्यांसमोर पडदा टांगावा लागला, एवढी गोष्ट त्या वादाने पुसली जात नाही.

मराठी रंगभूमीचा इतिहासही हेच सांगतो. हिराबाई पेडणेकर यांचे 'संगीत दामिनी' हे नाटक १९१२ साली रंगभूमीवर आले. तो काळ असा की, स्त्रीने नाटक लिहिले तरी त्यातील नायिका पुरुषाने वठवायची. पुरुषाने स्त्री-भूमिका करणे ही थोर कला मानली गेली. बालगंधर्वांना महाराष्ट्राने डोक्यावर घेतले. त्यांची योग्यता तशी होतीच. मात्र त्याच महाराष्ट्रात फडावर नाचणारी कोल्हाटी, महार किंवा मांग समाजातील स्त्री बदनाम ठरत होती आणि देवीच्या नावाने लुगडे नेसणारा जोगता टवाळीचा विषय होता. लुगडे तेच होते. फरक नेसणाऱ्याच्या जातीचा आणि ते कोणत्या मंचावर नेसले जाते याचा होता. तेव्हा कलेत भेद नको, असे म्हणणाऱ्यांनी हा भेद आधीपासून कोणी केला, हेही सांगितले पाहिजे.

आता पहिल्या आक्षेपाकडे वळू. या महोत्सवांचा श्रमाशी काय संबंध? त्यासाठी अमेरिकेतील मिशिगन राज्यात १९७६ साली सुरू झालेल्या स्त्री-संगीत महोत्सवाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. रानात भरणाऱ्या या महोत्सवाचे वैशिष्ट्य केवळ गाणाऱ्या स्त्रिया होत्या हे नव्हे. मंच उभारणाऱ्या सुतारकाम करणाऱ्या स्त्रिया, ध्वनियंत्रणा आणि प्रकाशयोजना सांभाळणाऱ्या स्त्रिया, वाहने चालविणाऱ्या, हजारोंचा स्वयंपाक रांधणाऱ्या सगळ्या स्त्रियाच होत्या. तिकीट काढून आलेल्या प्रत्येकीने काही तास कामाची पाळी करावी, अशी अपेक्षा असे. मुलांच्या संगोपनाची सोय होती, बहिऱ्या श्रोत्यांसाठी खुणांच्या भाषेत गाणी सांगितली जात, अपंगांसाठी वेगळी व्यवस्था होती. पुढे महोत्सवासाठी स्वतःची जमीनही घेण्यात आली. ध्वनियंत्रणेचे तंत्र अनेकींनी तेथेच हाताखाली काम करून शिकून घेतले. याचा अर्थ असा की, तो महोत्सव काही दिवसांपुरती का होईना, उत्पादनाची साधने आणि कौशल्ये यांवरील मक्तेदारी मोडणारी एक संस्था होता.

परंतु याच महोत्सवाने दुसरा धडाही दिला आहे. 'जन्माने स्त्री' असलेल्यांनाच प्रवेश, असे त्याचे धोरण होते. १९९१ साली एका पारलिंगी स्त्रीला तेथून बाहेर काढण्यात आले. त्यानंतर महोत्सवाच्या दाराबाहेर निषेधाची छावणी पडू लागली, कलावंतांत फूट पडली, आणि चाळीस वर्षांच्या वाटचालीनंतर २०१५ साली तो शेवटचा भरला. हा प्रश्न त्याच्याही आधीचा होता. १९७३ साली स्थापन झालेल्या ऑलिव्हिया रेकॉर्ड्स या स्त्रियांच्या सामूहिक ध्वनिमुद्रण संस्थेत सँडी स्टोन ही निष्णात पारलिंगी ध्वनितंत्रज्ञ काम करीत होती. संस्थेतील सहकारी आरंभी तिच्या पाठीशी उभ्या राहिल्या. पण बाहेरून बहिष्काराची धमकी आली आणि अखेर तिने संस्था सोडली. जिच्याकडून इतरांनी कसब शिकायचे, तिलाच शुद्धतेच्या कसोटीवर दूर व्हावे लागले.

त्या रानात जमणाऱ्या स्त्रियांची बाजूही समजून घेतली पाहिजे. आयुष्यभर पुरुषी हिंसेच्या छायेत वावरलेल्या बाईला चार दिवस निर्भयपणे झोपण्याची जागा हवी होती. ती गरज खोटी नव्हती. स्वीडनमध्ये २०१७ साली ब्राव्हला या मोठ्या संगीत महोत्सवात बलात्कार आणि विनयभंगाच्या तक्रारींची एवढी नोंद झाली की, पुढील वर्षाचा महोत्सव रद्द करावा लागला. त्याला उत्तर म्हणून २०१८ साली योटेबोरी शहरात केवळ स्त्रिया, पारलिंगी आणि नॉन-बायनरी व्यक्तींसाठी महोत्सव भरला. त्या देशाच्या भेदभाव-विरोधी लोकपालाने नंतर निर्णय दिला की, अशी जाहिरात करणे हा कायद्याचा भंग आहे. निर्णय कायद्याच्या भाषेत बरोबर असेल. पण स्त्रियांना सुरक्षित ठेवू न शकलेल्या समाजाने त्यांना कुंपणाबद्दल जाब विचारावा, यात विसंगती आहे. भयापोटी घातलेले कुंपण समजू शकते. त्या कुंपणाच्या दारात देहाची झडती सुरू झाली की, मात्र ज्या अन्यायातून सुटण्यासाठी आपण निघालो, तोच आपल्या हातून दुसऱ्यावर होतो. जातपंचायतीचा इतिहास जाणणाऱ्यांना हे अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही.

तिसरा धडा बाजाराचा. १९९७ साली सारा मॅकलॉक्लन या कॅनेडियन गायिकेने 'लिलिथ फेअर' हा फिरता महोत्सव सुरू केला. रेडिओवर लागोपाठ दोन गायिकांची गाणी लावायची नाहीत, एका कार्यक्रमात दोन गायिका ठेवल्या तर तिकिटे खपत नाहीत, असा तेथील धंद्याचा समज होता. तो समज लिलिथने खोटा पाडला. त्या वर्षी फिरत्या महोत्सवांत सर्वाधिक उत्पन्न त्याचे होते. तीन वर्षांत एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम धर्मादाय कामांसाठी जमली. परंतु १९९९ नंतर तो थांबला, आणि २०१० साली पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न झाला तेव्हा तिकिटे खपेनात व अनेक गावचे कार्यक्रम रद्द झाले. ऑलिव्हियाची ध्वनिमुद्रिकांची सामूहिक संस्थाही १९९० पासून स्त्रियांसाठी सागरी सहली काढणारी कंपनी बनली. यात कोणाला दोष देण्याचे कारण नाही. बाजार ग्राहक म्हणून स्त्रीला आनंदाने मान्यता देतो. पण ती मान्यता तिकीटविक्रीच्या मुदतीची असते. तिच्यातून कायमचा हक्क निर्माण होत नाही.

आता हे सगळे आपल्या घरच्या अंगणात आणून पाहावे. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांना १९५७ आणि १९९० अशा दोन वेळा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरविण्यात आले. गरोदर असताना त्या फडावर उभ्या राहिल्या, खेळ चालू असताना वेणा सुरू झाल्या, पडद्यामागे त्या बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. ती नेहमी कलानिष्ठेचा आदर्श म्हणून सांगितली जाते. त्या निष्ठेपुढे मान लवलीच पाहिजे. पण अर्थशास्त्राच्या भाषेत या घटनेचे नाव वेगळे आहे: बाळंतपणाच्या रजेचा अभाव. खेळ थांबला असता तर त्या रात्रीची बिदागी बुडाली असती आणि फडावर अवलंबून असलेल्या अनेक चुली विझल्या असत्या. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याला १९७३ मध्ये दुरुस्ती होऊन घोड्यांच्या व कसरतीच्या खेळांबरोबर 'इतर प्रयोग' करणाऱ्या आस्थापनांचाही उल्लेख त्यात आला. कागदावर तरी कलावंत स्त्री तेथे पोचली. फडाच्या कनातीपर्यंत मात्र तो कागद पोचला नाही, कारण तेथे हजेरीपट नाही, नेमणूकपत्र नाही. असते ती मालकाकडून घेतलेली उचल, आणि मालकाच्या डोक्यावर सावकाराचे कर्ज. विठाबाईंचे उत्तरायुष्य हलाखीत गेले. २००२ साली त्या वारल्या. पुढे त्यांच्या नावाने शासनाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला. पुरस्कार चांगलाच आहे. पण गौरव एकीचा होतो आणि वेतन सर्वांना लागते.

चौकटीबाहेरच्या कलावंतांचा विचारही परकीय नाही. सौंदत्तीच्या यल्लम्मापासून कोल्हापूर-सांगलीपर्यंत चौंडक्याच्या तालावर गाणारे जोगते आपल्याला परिचित आहेत. राजन गवस यांच्या 'भंडारभोग' या कादंबरीत त्यांच्या वाट्याचे जगणे आले आहे. जोगत्याची परंपरागत ओळख आणि आजच्या तरुणाने स्वतःसाठी निवडलेला 'नॉन-बायनरी' हा शब्द, या दोन गोष्टी एक नव्हेत. पहिलीवर देवाची सक्ती आहे, दुसरीत स्वतःचा निर्णय आहे. दोघांनाही समाजाने नाकारलेले स्थान मात्र एकच आहे. देवाला माणूस सोडण्याच्या प्रथेविरुद्ध गडहिंग्लज-निपाणी भागात परिवर्तनवादी कार्यकर्ते दीर्घकाळ झगडले, आणि तो लढा न्याय्यच होता. पण प्रथा मोडताना त्या माणसाच्या हातातील कलेचे आणि तिच्यावरील पोटाचे काय करायचे, याचे उत्तर आपल्यापाशी अपुरे होते. कर्नाटकात मंजम्मा जोगती यांनी ते बऱ्याच अंशी दिले. जोगती नृत्याचा त्यांनी रंगमंचीय प्रयोग म्हणून विस्तार केला. २०१९ मध्ये त्या राज्याच्या जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या आणि २०२१ च्या पद्मश्री मानकऱ्यांत त्यांचे नाव आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली आपली लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला होता. अकादमीच्या खुर्चीवर बसलेल्या मंजम्मांनी तो हक्क सामान्य माणसाला डोळ्यांनी पाहता येईल असा केला.

तेव्हा अशा महोत्सवांविषयी समाजवादी कार्यकर्त्याची भूमिका काय असावी? सरसकट टाळ्या नकोत आणि सरसकट हेटाळणीही नको. कोणत्याही महोत्सवाला चार प्रश्न विचारावेत. कलावंताला मेहनताना लेखी ठरवून आणि वेळेवर मिळतो का, की 'संधी दिली' या नावाखाली फुकट राबविले जाते? मंचामागची कामे आणि पैशाचे निर्णय कोणाच्या हाती आहेत? दारात कोणाला अडविले जाते, जातीने, देहाने की तिकिटाच्या दराने? आणि मांडव उठल्यावर मागे काय राहते: एखादी सहकारी संस्था, तालमीची जागा, आजारपणाचा निधी, की नुसती छायाचित्रे?

हे प्रश्न परक्यांनाच विचारावेत असे नाही. महाराष्ट्रात स्त्री कलावंतांना सुपाऱ्या देणारी एक संस्था म्हणजे गावोगावची यात्रा कमिटी होय. चैत्र-वैशाखात नारायणगावच्या राहुट्यांवर जाऊन तमाशाची सुपारी ठरविणारे जे चार जण असतात, त्यांत पुष्कळदा आपलाही कार्यकर्ता असतो. सुपारीच्या कागदावर स्त्री कलावंतांची बिदागी वेगळी लिहून घेणे, कपडे बदलण्यासाठी बंदिस्त व उजेडाची राहुटी, शौचालय, रात्री खेळ संपल्यावर संरक्षण, गरोदर किंवा आजारी कलावंताच्या खाड्याबद्दल पैसे न कापण्याची अट, आणि वर्गणीतील काही हिस्सा कलावंतांच्या निधीला, या गोष्टींसाठी सरकारच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही. कमिटीच्या बैठकीत एकाने उभे राहून हे मांडले तरी पुरेसा आरंभ होईल. येणाऱ्या हंगामात निदान आपल्या कार्यकर्त्यांच्या गावांतील सुपाऱ्या या अटींवर ठरल्या, तर स्त्री कलावंतांच्या सन्मानाविषयी बोलण्याचा अधिकार आपल्याला प्राप्त होईल.