नांव आणि क्रमांक

भूम हें बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यांतील तालुक्याचें गांव. पाऊस बेताचा, जमीन बरीचशी हलकी. म्हणून येथील शेतकऱ्याचा मोठा आधार त्याच्या गोठ्यांत बांधलेला असतो. कुंथलगिरीचा प्रसिद्ध खवा याच तालुक्यांतला. गोठ्यांतील जनावरांस घरचीं नांवें असतात. कपिला, चांदी, सर्जा, राजा हीं नांवें घरच्या माणसांस पुरतात. परंतु एका तालुक्यांत कपिला किती निघतील, याची गणती कोण करील? घरांत ओळख पटविणारें नांव सरकारी दप्तरांत शिरतांच मुकें होतें.

म्हणून हल्लीं गाईम्हशींच्या कानांत पिवळा बिल्ला दिसतो. त्यावर बारा अंक असतात. एका जनावरास दिलेला क्रमांक देशांतील दुसऱ्या कोणत्याहि जनावरास द्यावयाचा नाहीं, असा नियम आहे. मालक कोण, जात कोणती, लस केव्हां टोचली, ही माहिती संगणकांत त्या क्रमांकाखालीं जमा होते. मौज अशी कीं, हे अंक गाईविषयीं स्वतः कांहींच सांगत नाहींत, आणि तोच त्यांचा मोठा गुण होय. ज्या खुणेंत अर्थ भरावा, ती अर्थ बदलतांच खोटी पडते. गाय विकली, परगांवीं गेली, म्हातारी झाली, तरी बारा अंक तेच राहतात.

नांवांची चंचलता या जिल्ह्यानें पुरेपूर पाहिली आहे. निजामाच्या नांवावरून पडलेलें उस्मानाबाद हें नांव २०२३ सालीं अधिकृतपणें जाऊन धाराशिव आलें. काळी उस्मानाबादी शेळी मात्र अजून उस्मानाबादीच! खुद्द भूम हें नांव दोन अक्षरांचें. पण रोमन लिपींत कोणी त्यांत ‘यू’ घालतो, कोणी दोन ‘ओ’. माणूस दोन्ही वाचून एकच गांव समजतो. संगणकास, वेगळें शिकविलें नाहीं तर, तीं दोन गांवें वाटतात. टपालाचा ४१३५०४ हा अंक मात्र या साऱ्यांत अढळ राहिला. ही पिन पद्धति १५ ऑगस्ट १९७२ रोजीं सुरू झाली. तिचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, आणि शिवाय संस्कृत कवि. वेलणकरांचे अंक मुके नाहींत. पहिला अंक देशाचा विभाग दाखवितो, शेवटचे तीन टपाल कचेरी. परंतु हा क्रमांक कचेरीचा, घराचा नव्हे. तो पत्र भूमपर्यंत आणून सोडतो; दार पोस्टमननेंच ओळखावयाचें.

माणसांसाठीं निघालेला आधार क्रमांकहि बारा अंकांचाच. त्याचें वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजीं नंदुरबार जिल्ह्यांतील टेंभली या गांवीं सुरू झालें. त्यांतील शेवटचा अंक आधींच्या अकरांवरून गणितानें काढलेला असतो. व्हरहूफ या डच गणितज्ञाची ती युक्ति. लिहितांना एखादा अंक चुकला, किंवा शेजारचे दोन अंक उलटसुलट झाले, तर हिशेब जुळत नाहीं व चूक तेथेंच पकडली जाते. पण अचूक क्रमांक चुकीच्या माणसापुढें लिहिला, तर गणितास त्याची वार्ताहि लागत नाहीं.

गोठ्यांतहि हाच धोका आहे. २०२२ सालीं लम्पीच्या सांथींत महाराष्ट्रांत पुष्कळ जनावरें दगावलीं. शासनानें दुभत्या गाईस ३०,००० व बैलास २५,००० रुपये भरपाई ठरविली. अशा वेळीं मेलेलें जनावर कोणतें व कोणाचें, हा प्रश्न कुटुंबाच्या वर्षभराच्या मिठा-पिठाचा असतो. पुढें १ जून २०२४ पासून बिल्ला नसलेल्या जनावरांची खरेदी-विक्री रोखण्याचाहि निर्णय झाला. तथापि बाजारांत दावें एका हातांतून दुसऱ्या हातांत जातें तितक्या सहजपणें दप्तरांतील मालक बदलत नाहीं; तें कोणीतरी बसून करावें लागतें. शिवाय म्हैस बाभळीच्या कुंपणांत शिरते, आणि बिल्ला कानाचा तुकडा घेऊन तेथेंच लोंबत राहतो. नव्या बिल्ल्यावर नवा क्रमांक येतो. तो जुन्या नोंदीस जोडला नाहीं, तर पांच वर्षें टोचलेल्या लसी आणि झालेलीं तीन वेतें मागेंच राहतात, व दप्तरांत ती म्हैस त्याच दिवशीं जन्मास येते.