लग्नाचे साक्षी आणि लग्नाचे प्रेक्षक

वाईहून पसरणीचा घाट चढून गेलें कीं पांचगणी लागते. समुद्रसपाटीपासून सुमारें ४,२०० फूट उंचीवरचें हें ठिकाण गेल्या शतकाच्याही आधीं, १८६० नंतरच्या दशकांत, जॉन चेसन या इंग्रजानें नांवारूपास आणिलें. पुढें निवासी शाळांसाठीं आणि क्षयरोग्यांच्या आरोग्यधामांसाठीं त्याची कीर्ति झाली. गांवाच्या माथ्यावर टेबललँड नांवाचें जांभ्या दगडाचें विस्तीर्ण सपाट पठार आहे. एके काळीं लोक या पठारावर शुद्ध हवेसाठीं येत. अलीकडे तेथें एक निराळाच सोहळा पाहावयास मिळतो.

लग्नाला महिना-पंधरा दिवसांचा अवकाश असतां नियोजित वधूवरें छायाचित्रकारांसह येथें येतात. वाऱ्यावर उडेल असा लांब घोळाचा झगा, भाड्यानें घेतलेला घोडा, डोक्यावर घोंघावणारें चित्रणाचें यंत्र, असा सारा सरंजाम असतो. छायाचित्रकार सांगेल तेव्हां हसावयाचें, सांगेल तेव्हां दरीकडे पाहावयाचें. खालीं कृष्णेचें खोरें आणि धोम धरणाचें पाणी पसरलेलें असतें. परंतु तें पाहण्यास वधूवरांना सवड नसते. या चित्रांना ‘प्री-वेडिंग’ हें नांव आहे, आणि तीं इन्स्टाग्राम, फेसबुक व व्हॉट्सॲप यांवरून शेंकडों ओळखीच्या व अनोळखी माणसांपर्यंत पोंचविणें हा त्यांचा हेतु आहे.

या प्रकारास नाकें मुरडणें सोपें आहे. ‘लग्न ही काय प्रदर्शनाची वस्तु आहे?’ असा प्रश्न वडीलधारी मंडळी करितात. तथापि थोडा विचार केला तर असें दिसून येईल कीं, लग्न हें आपल्याकडे कधींच चार भिंतींआड उरकण्याचें कार्य नव्हतें. घरोघर अक्षत देणें, वाजंत्री वाजविणें, वरात गांवांतून फिरविणें, पंगती उठविणें, या साऱ्यांचा अर्थ एकच: हीं दोघें आजपासून पतिपत्नी झालीं, हें सर्वांना ठाऊक व्हावें. ज्या काळीं नोंदणीचा कागद नव्हता, त्या काळीं गांवाची आठवण हाच कागद होता. पुढें कोणी कुरबूर केली तर चार माणसें उभीं राहून सांगूं शकत, ‘आम्हीं अक्षता टाकल्या आहेत.’

महाराष्ट्राच्या इतिहासांत तर लग्नाच्या प्रसिद्धीला शौर्याची जोड मिळालेली आहे. विष्णुशास्त्री पंडित व त्यांचे सहकारी यांनीं १८६९ च्या जून महिन्यांत मुंबईस एक विधवाविवाह घडवून आणिला. विधवाविवाहास कायद्याची मान्यता १८५६ सालींच मिळाली होती. म्हणजे कायद्यापुरतें बोलावयाचें तर तो विवाह गुपचुप उरकतां आला असता. परंतु पुरस्कर्त्यांनीं तो उघडपणें केला, आणि त्याबद्दल बहिष्कारही सोसला. १८७३ च्या सप्टेंबरांत जोतीराव फुले यांनीं सत्यशोधक समाज स्थापिला व त्याच वर्षाच्या डिसेंबरांत भटजींवांचून पहिला सत्यशोधक विवाह पुण्यास लावला. जोतीरावांचें मूळ घराणें सातारा जिल्ह्यांतील कटगुणचें. तेव्हां या मुलखाला त्या विवाहाचा अभिमान वाटावा, हें साहजिक आहे. १८९३ सालीं धोंडो केशव कर्वे यांनीं पंडिता रमाबाईंच्या शारदासदनांतील विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांच्याशीं विवाह केला. त्यांच्या मुरुड गांवानें त्यांजवर बहिष्कार घातला, आणि घरच्या माणसांनाही त्याची झळ लागली.

या तिन्ही प्रसंगीं लग्नास उपस्थित राहणें म्हणजे नुसतें पाहणें नव्हे. जो मांडवांत बसला त्यानें आपली बाजू सांगितली, आणि दुसऱ्या दिवशीं गल्लींत जें बोललें जाईल तें ऐकून घेण्याची तयारी दाखविली. येथेंच साक्षी आणि प्रेक्षक यांतील भेद स्पष्ट होतो. साक्षीवर जबाबदारी असते. प्रेक्षकावर कांहींच नसते. साक्षी दहा वर्षांनीं संसारांत अडचण आली तर धांवून येतो. प्रेक्षक अंगठा उंचावून पुढच्या चित्राकडे वळतो.

मग मोबाईलचें हें साधन टाकाऊ आहे काय? मुळींच नाहीं. २०२० च्या मे महिन्यांत महामारीमुळें लग्नास पन्नासांहून अधिक माणसें जमवूं नयेत असा केंद्र सरकारचा निर्बंध होता. त्या दिवसांत कित्येक आजीआजोबांनीं नातवंडांच्या लग्नाच्या अक्षता घरांतल्या पडद्यासमोरच टाकल्या. परदेशीं गेलेला भाऊ, सीमेवर असलेला मामा, अंथरुणास खिळलेली आत्या, यांना आजही हें साधन मांडवांत आणून बसवितें. अशा माणसांच्या बाबतींत तें प्रेक्षकाला साक्षी बनवितें. दोष साधनाचा नाहीं. तें कोणासाठीं उघडलें, याचा आहे.

हा विवेक सुटला म्हणजे काय होतें, तें कोणत्याही कार्यालयांत पाहावें. मंगलाष्टकें संपत आलीं कीं छायाचित्रकारांची फळी वधूवरांभोंवतीं उभी राहते. पहिल्या रांगेंतील वृद्धांना त्यांच्या पाठीच दिसतात. ‘सावधान’ हा शब्द उच्चारला जातो त्या क्षणीं पाहुण्यांच्या एका हातांत अक्षता व दुसऱ्या हातांत मोबाईल असतो, आणि अवधान मात्र अक्षतांकडे नसतें. हार नीट टिपला गेला नाहीं म्हणून तो काढून पुन्हां घालावयास सांगितलें जातें. ज्या क्षणासाठीं एवढा खटाटोप केला, तो क्षण चित्रांत सांपडतो आणि मांडवांतून निसटतो.

दुसरी गोष्ट खर्चाची. पूर्वीं शेजारच्या लग्नाशीं तुलना होई. आतां ती परक्या देशांतील राजवाड्यांत झालेल्या लग्नाशीं होते. २०१७ सालीं विराट कोहली व अनुष्का शर्मा यांचा विवाह इटलींत झाला, आणि त्याचीं चित्रें पाहतां पाहतां जगभर पसरलीं. तीं पाहून हौस वाटणें स्वाभाविक आहे. परंतु त्यांचा थाट मध्यम स्थितींतील बापाच्या कर्जावर उभारणें स्वाभाविक नाहीं. चित्र दोन दिवसांत मागें पडतें. हप्ता वर्षानुवर्षें पुढें उभा राहतो.

तिसरी गोष्ट मर्यादेची. हळदीच्या दिवशीं घरच्या बायकांत जी थट्टामस्करी चालते, ती घरापुरती असते. वधूच्या डोळ्यांतलें पाणी तिच्या आईसाठीं असतें. तीं दृश्यें कोणी उत्साहानें जगापुढें मांडलीं, तर परत घेतां येत नाहींत. एकदां दुसऱ्याच्या यंत्रांत गेलेलें चित्र पुसून टाकणें मूळ मालकाच्याही हातीं राहत नाहीं. खासगी जीवन हा नागरिकाचा मूलभूत अधिकार आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २४ ऑगस्ट २०१७ रोजीं दिला. तो अधिकार मांडवांतल्या करवलीलाही आहे, आणि पंगतींत जेवणाऱ्या पाहुण्यालाही आहे.

त्याच न्यायालयानें २०२४ च्या एप्रिलांत हिंदु विवाहासंबंधीं एका निकालांत बजाविलें कीं, विवाह हा नाचगाण्याचा व खाण्यापिण्याचा प्रसंग नव्हे, तो संस्कार आहे. आणि विधि झालेच नसतील तर नुसत्या नोंदणीच्या दाखल्यानें हिंदु विवाह सिद्ध होत नाहीं. जेथें सरकारी दाखल्याची ही गत, तेथें चित्रांची काय कथा!

यावरून कांहीं साधे नियम सुचतात. मंगलाष्टकें व सप्तपदी चालू असेतोंपर्यंत पाहुण्यांनीं मोबाईल खिशांत ठेवावे, अशी विनंती यजमानानें प्रवेशद्वारींच करावी, आणि चित्रणाचें काम एकाच माणसाकडे सोंपवावें. दूरच्या आप्तांसाठीं एक यंत्र स्थिर ठेवावें व त्यांचे आशीर्वाद ऐकण्यास घरांतील एक माणूस नेमावा. नाहींतर ते मांडवाच्या छताकडे पाहत बसतात. वधू व वर या दोघांनीं पाहून होकार दिल्यावांचून एकही चित्र बाहेर जाऊं नये, आणि लहान मुलांचीं चित्रें त्यांच्या आईबापांस विचारल्यावांचून मुळींच जाऊं नयेत. लग्नपत्रिका ओळखीच्यांनाच धाडावी. घरचा पत्ता व लग्नाची वेळ चव्हाट्यावर मांडणें म्हणजे घर रिकामें असल्याची दवंडी पिटणें होय. तसेंच अनोळखी क्रमांकावरून पत्रिकेच्या नांवाखालीं आलेली धारिका उघडूं नये. अशा बनावट पत्रिकांच्या द्वारें लोकांच्या बँकखात्यांवर हात मारण्याचे प्रकार घडले आहेत. आणि निवडक पन्नास चित्रें कागदावर छापून घ्यावीं. मोबाईल बिघडतो, परवलीचा शब्द विसरतो. पेटींतला आल्बम नातवंडांच्या हातीं लागतो.

टेबललँडवर जाणाऱ्या तरुण जोडप्यांसही एक सांगणें आहे. महाबळेश्वर–पांचगणी हा टापू २००१ सालीं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून घोषित झालेला आहे. जांभ्यावरचें मातीचें अस्तर पातळ असतें. पावसाळ्यांत त्यावर उगवणारीं चिमुकलीं रोपें पायांखालीं सहज चिरडलीं जातात. तेव्हां चित्र अवश्य काढावें, पण धुराच्या कांड्या, कागदाच्या चकत्या व फुगे मागें टाकून येऊं नये. आणि एखादें चित्र काढून झालें म्हणजे छायाचित्रकाराला घटकाभर बसवावें, यंत्र मिटावें, व दोघांनीं मिळून दरीकडे पाहावें. पुढच्या आयुष्यांत एकमेकांना सांगण्यासारखें जें असेल, तें तेथेंच बोलून घ्यावें. तेवढें मात्र कोणास धाडावयाचें कारण नाहीं.