गाव सुटल्यावरचा शेजार

शेजार हे नाते मोठे विचित्र आहे. ते रक्ताने जुळत नाही आणि निवडीनेही जुळत नाही; दोन घरांच्या भिंती लागून असतात, एवढेच त्याचे कारण. एक घर उठून परगावी गेले की ते कारण संपते. तरीही जो शेजार उरतो, तो माणसांनी जाणूनबुजून जपलेला असतो. तंजावर मुलखातून बाहेर पडलेल्या मराठी कुटुंबांत असा शेजार पुष्कळ आढळतो.

व्यंकोजीराजे १६७५ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर आले. त्यांच्या राज्याबरोबर कारभारी, पंडित आणि कीर्तनकार यांची घराणी कावेरीकाठी स्थिरावली. १८५५ मध्ये शेवटचे राजे निवर्तले, राज्य खालसा झाले, आणि पुढच्या पिढ्यांची पावले नोकरीसाठी बाहेर वळली. कुंभकोणम् येथे १८२८ साली जन्मलेले माधवराव त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तिन्ही संस्थानांचे दिवाण झाले. पण नावामागचा ‘टी’ त्यांनी कधी सोडला नाही. तो ‘टी’ तंजावरचा!

तंजावर आणि कुंभकोणम् यांच्या मधल्या पापनाशमचेही असेच आहे. एकशेआठ लिंगांच्या शिवालयाचे आणि नायककालीन विटांच्या धान्यकोठाराचे हे लहानसे गाव रामय्या नावाच्या एका भक्ताला चिकटले, आणि पुढे मद्रासला राहिलेला हा वाग्गेयकार १९७३ मध्ये निधन पावेपर्यंत ‘पापनाशम शिवन्’ म्हणूनच ओळखला गेला.

अशा गावांत घरापुढे ‘तिण्णै’ असते; आपण तिला ओटा म्हणू. एका तिण्णैवर तमिळ बोलली जाई, तर शेजारच्या तिण्णैवर मराठी. ‘अण्णा’ आणि ‘अक्का’ मात्र दोन्हीकडे एकच. गाव सुटल्यावर पत्रांतून आणि पुढे दूरध्वनीवरून जे बोलणे चाले, त्याचा प्रारंभ आठवणींनी होई. आडि महिन्याच्या अठराव्या दिवशी नदीची पूजा करून काठावर खाल्लेले चित्रान्न लिंबाचे की चिंचेचे, यावर दोन म्हातारे मद्रास आणि मुंबई येथून वाद घालीत. निकाल कोणालाच नको असे. निकाल लागला तर पुढचे पत्र कशासाठी लिहावयाचे?

या पत्रांची आणखी एक गंमत होती. शाळा तमिळ असल्याने कित्येकजण मराठी मजकूर तमिळ अक्षरांत लिहीत. त्या लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. ‘गाडी’ लिहा की ‘काडी’, कागदावर दोन्ही सारखीच! लिहिणाराचा आवाज ज्याच्या कानात आहे, त्यालाच ते पत्र नीट वाचता येई.

विनोदही असाच दोन भाषांच्या उंबरठ्यावरचा. मराठीत ‘काय’ हा प्रश्न, तमिळमध्ये ‘काय्’ म्हणजे कच्चे फळ किंवा भाजी. मराठी बाईने भाजीवालीला ‘काय?’ म्हणून विचारावे आणि तिने निमूटपणे पुढची टोपली दाखवावी. मराठी रसिकाने गवयाला ‘वा! वा!’ म्हणावे आणि तमिळ शेजाऱ्याला वाटावे, हा त्याला ‘ये, ये’ म्हणून जवळ बोलावतो आहे. या थट्टेला दोन्ही भाषा यावयास हव्यात आणि ती आळीही माहीत असावयास हवी. दूरच्या शहरात वाढलेल्या नातवाला ती समजावून सांगता येते. पण समजावून सांगितलेल्या विनोदाला हसू येत नाही.

म्हणून तिथल्या सांत्वनपत्राचे मोल मोठे. मृत्यूची वार्ता आणणारे पत्र वाचून फाडून टाकावयाचे, ही जुनी रीत. उत्तर मात्र त्याच दिवशी जावयाचे. त्या उत्तरात गीतेतील तत्त्वज्ञान थोडे असे, आणि गेलेल्या माणसाची एखादी फजिती हमखास असे. परक्याला हे अनुचित वाटेल. पण गेलेला माणूस त्या फजितीवर हसणाऱ्यांपैकीच एक होता. तो गेला, म्हणजे घरच्यांचे माणूस गेले आणि शेजाऱ्याचा एक श्रोता गेला. तंजावरची मराठी अशा श्रोत्यांवरच जगत आली आहे. एकेक श्रोता कमी होतो, तसतशी तिची हसण्याची जागा कमी होते.

तेव्हा जुन्या शेजाऱ्याला पत्र लिहावयास दुःखद वार्तेची वाट पाहू नये. चित्रान्नाचा वाद अजून मिटलेला नाही, एवढे निमित्त पुरेसे आहे.