दरीकाठचे चार दिवसांचे बिऱ्हाड

(मंडळाच्या मासिक सभेत एका सभासद भगिनीने केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी मला बोलण्याची आज्ञा केली ती एका अटीवर. अमेरिकेतल्या उंच इमारती आणि मोठमोठी दुकाने यांचे वर्णन करायचे नाही, ती आता सगळ्यांना तोंडपाठ झाली आहेत, असे त्यांनी बजावले. मला ही अट सोयीचीच वाटली. कारण त्या देशात जे माझ्या मनात घर करून राहिले, ते इमारतींत नव्हते. ते एका रानात, कापडी तंबूत, नदीच्या खोल दरीच्या काठी होते. तेच आज सांगते.

माझी मुलगी न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर गावी राहते. न्यूयॉर्क म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे ते मोठे शहर येते. पण त्याच नावाचे राज्य फार मोठे आहे आणि त्यात शेते, जंगले नि नद्याच पुष्कळ आहेत. रोचेस्टरमधून जेनेसी नावाची नदी वाहते. ही नदी दक्षिणेकडे पेनसिल्व्हेनिया राज्यात उगम पावते आणि उत्तरेकडे वाहत जाऊन ऑन्टारिओ सरोवराला मिळते. रोचेस्टरच्या नैर्ऋत्येला मोटारीने तासाभराच्या अंतरावर या नदीने डोंगर चिरून एक दरी केली आहे. त्या दरीच्या दोन्ही काठांवर राज्य सरकारचे राखीव उद्यान आहे. त्याला लेचवर्थ स्टेट पार्क म्हणतात. २०२२ सालच्या जुलै महिन्यात मुलगी, जावई, दोन नातवंडे आणि मी असे आम्ही तेथे चार दिवस तंबू ठोकून राहिलो.

उद्यान म्हणजे आपल्याकडची फुलझाडांची बाग समजू नका. सुमारे सतरा मैल लांबीचे आणि चौदा हजारांहून अधिक एकरांचे ते रान आहे. मेपल, ओक, बीच, हेमलॉक अशी झाडे. मधूनच झाडी संपते आणि एकदम पायाखाली दरी उघडते. काही ठिकाणी कडे साडेपाचशे फूट उंच आहेत. वहीची पाने रचून ठेवावीत तसे त्या कड्यांच्या दगडाचे पातळ पातळ थर दिसतात. कोट्यवधी वर्षांपूर्वी तेथे समुद्र होता, त्याच्या तळाशी बसलेला हा गाळ. हिमयुगाच्या अखेरीस बर्फाने आणून टाकलेल्या माती-दगडांनी नदीची जुनी वाट बुजली, तेव्हा तिने या थरांतून नवी वाट कोरली. वाटेत तिला तीन मोठे धबधबे आहेत. मधला एकशे सात फूट उंच आहे. त्याच्या तुषारांत उभे राहिले की लुगडे चिंब व्हायला दोन मिनिटे पुरतात!

तंबूंची जागा उद्यानाच्या उत्तर टोकाला आहे. तिला हायबँक्स म्हणतात, म्हणजे उंच काठ. तेथे झाडीत अडीचशेहून अधिक जागा आखून ठेवल्या आहेत. प्रत्येक जागेला क्रमांक. प्रत्येकीवर एक लाकडी मेज, त्याला जोडलेली बाके, आणि जाळ करण्यासाठी जमिनीत बसवलेले लोखंडी कडे. थोड्या अंतरावर नळ, संडास, गरम पाण्याची न्हाणीघरे. जागा काही महिने आधी राखून ठेवावी लागते. नऊ महिन्यांपूर्वीपासून तशी सोय असते. लोक म्हणे आपापल्या आवडत्या जागेसाठी तारखेवर टपून बसतात.

आमचे बिऱ्हाड मांडायला तासभर लागला. तंबूची खालची ताडपत्री, वरचे पावसाचे कापड, चार कोपऱ्यांना खुंट्या. दोन चुलींची गॅसची शेगडी, पाण्याचा कॅन, एक पातेले, एक तवा, पाच थाळ्या. मी बरोबर थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि लिंबाचे लोणचे घेतले होते. पन्नास वर्षे संसार केलेल्या बाईला भांड्यांची ती मांडणी पाहून हसू येणारच. पण चार दिवस त्यातच निभावले, आणि काही कमी पडले म्हणून कोणी कुरकुर केली नाही. पाणी नळावरून आणायचे तर ते नातू आणी, थाळ्या जावई घाशी, केर नात काढी. रानात स्वयंपाकघराला भिंती नसतात. त्यामुळे काम कोणाचे, हे सगळ्यांना दिसते. घरी गेल्यावर भिंती पुन्हा उभ्या राहतात, ही गोष्ट वेगळी!

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येते. पहिल्या रात्री मला झोप येईना. माझे वय सत्तरीकडे झुकलेले. जन्मात कधी दाराला कडी न लावता मी झोपले नव्हते. आणि येथे दार म्हणजे एक साखळीचे बंद, बाहेर अंधार, पलीकडे खोल दरी, आजूबाजूला शेकडो अनोळखी माणसे. मी कानोसा घेत पडले. रात्री दहा वाजले आणि सगळीकडचे बोलणे हळू झाले. कोणी ओरडून सांगितले नाही, शिट्टी वाजली नाही. तेथे तसा नियम आहे आणि लोक तो पाळतात, एवढेच. मग रातकिडे ऐकू येऊ लागले. तंबूच्या जाळीतून बाहेर पाहिले तर काजवे! आपल्याकडे ज्येष्ठाच्या अखेरीस झाडे लखलखतात तसे नव्हेत. विरळ, गवतावरून सावकाश वर येणारे.

समोरच्या जागेवर साठी ओलांडलेली एक बाई एकटीच आली होती. लहानसा तंबू, एक खुर्ची, एक पुस्तक. दुसऱ्या दिवशी तिच्याशी बोलणे झाले. ती दर उन्हाळ्यात आठवडाभर येते. भीती वाटत नाही का, असे मी विचारले. ती म्हणाली की भीती वाटली असती तर ती आलीच नसती. या साध्या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला. स्त्रीला उघड्यावर निर्धास्त झोपता यावे, ही गोष्ट त्या जागेला निसर्गाने दिलेली नाही. दरी निसर्गाने दिली; निर्धास्तपणा माणसांनी तयार केला. तो कसा तयार केला, हे मला या चार दिवसांत थोडेफार उमगले.

पहिली गोष्ट म्हणजे दान. विल्यम प्रायर लेचवर्थ नावाचे बफेलो शहरातले एक व्यापारी होते. त्यांनी १८५९ साली धबधब्यांजवळची जागा घेतली. लाकडाच्या कारखान्यांनी तेव्हा तेथली झाडी पार उजाड केली होती. लेचवर्थांनी तेथे झाडे लावली आणि लगतच्या जमिनी घेत गेले. आपल्याला त्यांची आणखी एक ओळख आवडेल. राज्याच्या धर्मादाय मंडळावर त्यांनी पुष्कळ वर्षे काम केले. लहान मुलांना दरिद्री-आश्रमांत मोठ्या माणसांत कोंडू नये, असा कायदा न्यूयॉर्क राज्यात १८७५ साली झाला, त्यामागे त्यांची खटपट होती. पुढे या नदीवर धरण बांधून वीज काढण्याचा बेत निघाला. तेव्हा लेचवर्थांनी आपली हजार एकरांची जागा सार्वजनिक उद्यानासाठी राज्याला देऊन टाकली. हे दानपत्र १९०६ सालचे. १९१० साली ते वारले. धरण पुढे झाले, पण पुरासाठी, आणि दरीच्या उत्तर टोकाला. ते १९५२ साली पुरे झाले. धबधबे जसेच्या तसे राहिले.

दुसरी गोष्ट श्रम. १९३० नंतरच्या मंदीच्या काळात बेकार तरुणांना सरकारने रानांत कामे दिली. त्या मुलांनी येथे रस्ते, पायऱ्या, दगडी कठडे बांधले. कड्यावर उभी राहून मी ज्या कठड्यावर हात टेकत होते, तो हात टेकण्याजोगा कोणीतरी रचला होता.

तिसरी गोष्ट नियम. ते लहान लहान आहेत, पण प्रत्येकामागे कारण आहे. जळाऊ लाकूड घरून आणायचे नाही. जेथले तेथेच विकत घेऊन जाळायचे. मला हे चमत्कारिक वाटले. तेव्हा जावयांनी समजावून सांगितले. अ‍ॅश नावाच्या झाडाला पोखरणारा एक हिरवा चकचकीत भुंगेरा आशियातून अमेरिकेत आला. २००२ साली तो मिशिगन राज्यात सापडला, २००९ साली न्यूयॉर्क राज्यात. त्याने त्या देशातली कोट्यवधी झाडे मारली. त्याच्या अळ्या सालीखाली असतात, आणि सहलीला निघालेल्या माणसांच्या मोळ्यांतून त्या रानोरान पोचतात. म्हणून प्रक्रिया न केलेले लाकूड पन्नास मैलांपलीकडे नेण्यास त्या राज्यात बंदी आहे. एक मोळी आणि एक अख्खे रान!

तसेच खाण्याचे. रात्री सर्व शिधा मोटारीत बंद करायचा, नाहीतर रॅकून नावाचा प्राणी येतो. डोळ्यांभोवती काळी पट्टी, हात माणसासारखे चपळ. शेजारच्यांचा पाव त्याने आमच्या डोळ्यांदेखत पळवला. लोकांना गंमत वाटते. पण माणसांच्या खाण्याची चटक लागलेला प्राणी पुढे धीट होतो आणि शेवटी त्याचाच जीव जातो. कठड्यापलीकडे जायचे नाही, कारण त्या पातळ थरांचा दगड पायाखाली निसटतो. गवतातून फिरून आल्यावर मुलांचे पाय, माना, काखा तपासायच्या. तेथल्या बारीक गोचिडींमुळे लाइम नावाचा आजार होतो. तीन-तीन पानांची एक वेल असते, तिला हात लावायचा नाही. अंगाला भयंकर खाज सुटते. माझ्या नातीला हे सगळे नियम पाठ होते, आणि ती ते मला शाळामास्तरणीच्या थाटात सांगत होती.

तिसऱ्या रात्री पाऊस झाला. वळवासारखा दणक्यात आला. वरचे कापड ताणून बांधलेले असल्यामुळे आम्ही कोरडे राहिलो. शेजारी एका तरुण जोडप्याचा तंबू मात्र बसला. पाच मिनिटांत तीन जागांवरून विजेऱ्या घेऊन माणसे आली, दोरी आली, ताडपत्री आली. ती समोरची एकटी बाईही आली. काम झाले, आणि सगळे आपापल्या जागी परतले. नावगाव कोणी विचारले नाही.

मैत्रिणींनो, या रानाची गोष्ट लेचवर्थांपासून सुरू होत नाही, हेही सांगायला हवे. ही सेनेका लोकांची भूमी. त्यांच्यात मूल आईच्या कुळाचे, शेती बायकांच्या हातची, आणि प्रमुख कोण व्हावा हे कुळातली वडीलधारी बाई ठरवी. मका, घेवडा आणि भोपळा ही तीन पिके त्या एकत्र लावीत. घेवडा मक्यावर चढतो, भोपळ्याची पाने जमीन झाकतात. या तिघींना त्या बहिणी म्हणत. १७७९ साली अमेरिकन सैन्याने त्यांची गावे आणि उभी पिके जाळली. १७९७ च्या करारात त्यांची बहुतेक जमीन गेली.

त्या उद्यानात एका बाईचा ब्राँझचा पुतळा आहे. पाठीशी मूल बांधून ती चालली आहे. तिचे नाव मेरी जेमिसन. आईबाप आयर्लंडहून येत असताना १७४३ च्या सुमारास ती जहाजावर जन्मली. ऐन पोरवयात तिला युद्धात पळवून नेले, आईबाप मारले गेले. दोन सेनेका बहिणींनी आपल्या मेलेल्या भावाच्या जागी तिला घरात घेतले. पुढे तान्हे मूल पाठीवर घेऊन ती ओहायोकडून शेकडो मैल चालत जेनेसीकाठी आली. सैन्याने सर्व जाळल्यावर मुलांना घेऊन ती याच दरीत उतरली आणि दुसऱ्यांच्या मक्याची कणसे सोलून तिने मुलांच्या तोंडात घास घातला. परत आपल्या माणसांत जाण्याची संधी आली, तेव्हा ती गेली नाही. १८३३ साली ती वारली. १८७४ साली लेचवर्थांनी तिच्या अस्थी येथे आणविल्या. त्या पुतळ्यापुढे मी पुष्कळ वेळ उभी राहिले. मी कडी नाही म्हणून जागी राहिले होते. या बाईने सबंध हिवाळा मुलांसह अशाच रानात काढला असेल, तेव्हा तिला राखायला कोणता नियम होता आणि कोणते कठडे होते?

म्हणून मला वाटते की सार्वजनिक जागा सुरक्षित असते ती कोणीतरी राखल्यामुळे. एकाने जमीन दिली, अनेकांनी दगड वाहिले, आणि आता हजारो अनोळखी माणसे येऊन छोटे नियम पाळतात. निघताना जावयांनी राखेवर पाणी ओतले, ती ढवळली, पुन्हा ओतले आणि हात लावून पाहिले. नातवाने खुंट्यांची भोके बुजवली. नातीने मेजाखालचा कागदाचा कपटा उचलला. तो आमचा नव्हताही. ही घरगृहस्थीच आहे, बायकांनो. आपण ती उंबरठ्याच्या आत उत्तम करतो. उंबरठ्याबाहेर मात्र ती कोणा दुसऱ्याची, असे समजतो.

आपल्या मंडळाची सहल यंदा हिवाळ्यात निघायची आहे. माझी एवढीच सूचना आहे की, जेवणाच्या पत्रावळी आणि पिशव्या जेथे बसू तेथे न टाकता परत आणण्याचे काम कोणा गड्यावर न सोपवता आपणच वाटून घ्यावे. आणि ज्या मैत्रिणी रात्री बाहेर राहायला अद्याप भितात, त्यांना दोन रात्रींसाठी तरी आग्रहाने बरोबर घ्यावे. ताडपत्री ताणायला मी शिकले आहे. शिकवायला तयार आहे.